कोणाची मेमरी, किती काळासाठी? पोस्टग्रेस एक्स्टेंशनमध्ये मेमरी कॉन्टेक्स्टला नावं देण्याची पद्धत

पोस्टग्रेस या डेटाबेसचा एखादा बॅकएंड (एका कनेक्शनसाठी चालणारी सर्व्हरची प्रोसेस) फुगत चाललाय अशी तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, ही मेमरी घेतली कोणी? सर्व्हरच्या मूळ कोडने घेतली असेल तर उत्तर सहसा सापडतं, कारण ७.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून, तिथे मेमरी कॉन्टेक्स्टची व्यवस्था आहे आणि प्रत्येक कॉन्टेक्स्टला नाव असतं. गाडी अडते ती आपण सीमध्ये लिहिलेल्या एक्स्टेंशनपाशी. तिथली मेमरी बरेचदा भलत्याच नावाखाली जमा होत राहते आणि मग तासन्‌तास अंदाज बांधत बसावं लागतं.

या लेखात तो अंदाजाचा भाग कसा टाळायचा ते क्रमाने सांगतो. सी येतं आणि एखादं छोटं एक्स्टेंशन बांधून पाहिलंय, एवढं गृहीत धरलंय. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती मूळ इंग्रजी स्पेलिंगने शोधा.

आधी एक मूलभूत फरक. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून परफॉर्मन्स स्कीमातून प्रत्येक मेमरी मागणीवर एक की लागते. माय_मॅलॉक हाक मारतानाच ही मागणी कोणत्या खात्याची ते सांगावं लागतं आणि ८.० पासून ही मोजणी मुळातच चालू असते. पोस्टग्रेसमध्ये पीअॅलॉकला (मेमरी मागायचं फंक्शन) नाव द्यायची सोयच नाही. नाव असतं कॉन्टेक्स्टला, आणि कॉन्टेक्स्ट म्हणजे एकाच वेळी मरणाऱ्या मेमरीचा गट. त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये नाव देणं आणि आयुष्य ठरवणं ही कामं वेगळी काढता येत नाहीत. एखाद्या मेमरीला नीट नाव सुचत नसेल तर ती किती काळ जगायला हवी याचाच निर्णय झालेला नाही, असं खुशाल समजावं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया हाच आहे.

आकडा खरा आहे का ते बघा

टॉप कमांडमध्ये दिसणारा रेस हा आकडा घेऊन धावू नका. त्यात शेअर्ड बफर्सची (सगळ्या बॅकएंडची सामाईक कॅशे मेमरी) त्या बॅकएंडने हात लावलेली पानंही धरलेली असतात. शेअर्ड बफर्स ८ जीबी असतील आणि सेशन दिवसभर मोठमोठी टेबलं वाचत असेल, तर रेस काही जीबी दिसणं अगदी साहजिक आहे, त्यात गळती काहीच नाही. लिनक्सवर त्या प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधली स्टेटस फाइल उघडा आणि आरएसएसअॅनॉन ही ओळ वाचा. बॅकएंडची स्वतःची खाजगी मेमरी तिथे कळते. शेअर्ड भाग आरएसएसशेमेम या ओळीत वेगळा दिलेला असतो.

आरएसएसअॅनॉन तासागणिक चढत असेल तरच पुढे जा. कनेक्शन पूलर वापरणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं, कारण पूलरमागचे बॅकएंड दिवसेंदिवस जिवंत राहतात. अर्ध्या तासात बंद होणाऱ्या सेशनमध्ये जी गळती कधीच लक्षात येत नाही, ती इथे मशीन खाली आणते.

आहे ते झाड वाचायला शिका

कॉन्टेक्स्ट एकाखाली एक, पालक आणि मुलं अशा झाडात बसवलेले असतात. ते झाड पाहायला आवृत्ती १४ पासून दोन साधनं मिळाली. स्वतःच्या सेशनसाठी पीजी_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हा व्ह्यू आहे. दुसऱ्याच्या सेशनसाठी पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हे फंक्शन आहे. त्याला पीआयडी दिला की तो बॅकएंड सवड मिळताच स्वतःचं झाड सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितो. क्लायंटला त्यातलं काही दिसत नाही, त्यामुळे चालू कामात व्यत्यय येत नाही. ते दर सेकंदाला मात्र चालवू नका, लॉग भरून जाईल. फंक्शन सुरुवातीला फक्त सुपरयूझरला चालवता येतं. व्ह्यू आवृत्ती १५ पासून पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स ही भूमिका असणाऱ्यांनाही वाचता येतो. १४ च्या आधीची आवृत्ती असेल तर जीडीबी हा डीबगर जोडून मेमरीकॉन्टेक्स्टस्टॅट्सला टॉपमेमरीकॉन्टेक्स्ट (झाडाचं मूळ) देऊन हाक मारायची, आउटपुट बॅकएंडच्या एसटीडीईआरआरवर जातं. डीबग सिंबल्स आधीच बसवलेली असू द्या, ऐन अडचणीत पॅकेज शोधायची वेळ येऊ नये.

लॉगमधली एक ओळ साधारण अशी असते:

कॅशेमेमरीकॉन्टेक्स्ट: एकूण ५२४२८८, ७ ब्लॉक; मोकळे ७३३१२, १ चंक; वापरात ४५०९७६

आकडे बाइटमध्ये आहेत. ब्लॉक ८ केबीपासून सुरू होऊन दुप्पट होत जातात आणि नेहमीच्या मापाच्या कॉन्टेक्स्टमध्ये ८ एमबीला थांबतात. एकूण मोठं आणि वापरातलं लहान असेल तर मेमरी मोकळी झालीय, पण कॉन्टेक्स्टच्या मोकळ्या यादीत पडून आहे. दोन्ही आकडे बरोबरीने वाढत असतील तर कोणीतरी घेतोय आणि सोडत नाही. या दोन रोगांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून नुसत्या एकूण आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

आणि एकाच नोंदीवर तर मुळीच विसंबू नका. संशयित काम व्हायच्या आधी एक झाड घ्या, नंतर दुसरं घ्या आणि फरक बघा. स्वतःच्या सेशनमध्ये हे फार सोपं आहे. व्ह्यूवर नेम आणि आयडेंट या दोन स्तंभांनी गट करायचा, टोटल_बाइट्सची बेरीज घ्यायची, उतरत्या क्रमाने वरच्या वीस ओळी एका तात्पुरत्या टेबलात ठेवायच्या. काम चालवायचं, पुन्हा तेच करायचं आणि दोन्ही जोडून वजाबाकी बघायची. आवृत्ती १८ मध्ये टाइप आणि पाथ हे स्तंभ आलेत, त्यामुळे एकाच नावाच्या दोन कॉन्टेक्स्टपैकी कोणता कोणाच्या पोटात आहे तेही कळतं.

निनावी वाढ कशी होते

एक उदाहरण घेऊ. एक एक्स्टेंशन आहे, ते प्रत्येक ग्राहक कंपनीचे सवलतीचे नियम एका टेबलातून वाचतं आणि सेशन चालू असेपर्यंत जवळ ठेवतं. वाचन एसपीआयने, म्हणजे सीच्या कोडमधून एसक्यूएल चालवण्याच्या सोयीने होतं. एसपीआय_कनेक्ट झालं की चालू कॉन्टेक्स्ट बदलतो, आणि त्यानंतर साध्या पीअॅलॉकने घेतलेली मेमरी एसपीआय_फिनिशबरोबर जाते. कॅशे रिकामा होतोय हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येतं आणि मग सर्वांत सोपा मार्ग निवडला जातो: टॉपमेमरीकॉन्टेक्स्टवर स्विच करायचं आणि तिथे सगळी नक्कल करून ठेवायची. कोड चालतो. चाचण्या पास होतात. टेबलातला नियम बदलला की जुनी नक्कल तशीच पडून राहते आणि नवी शेजारी उभी राहते.

काही आठवड्यांनी झाडात दिसतं की टॉपमेमरीकॉन्टेक्स्ट ४०० एमबीवर गेलाय, साठेक ब्लॉक आहेत, आणि त्याखालची सगळी मुलं लहान आहेत. निरोगी बॅकएंडमध्ये हा कॉन्टेक्स्ट जेमतेम शेकडो केबीत असतो. म्हणजे कोणीतरी थेट मुळाशी लिहितंय एवढं समजलं. पण कोण? चार एक्स्टेंशनं बसवलेली असतील तर चौघांवरही संशय. टॉपमेमरीकॉन्टेक्स्टमध्ये थेट मेमरी घेणं ही माझ्या मते रिव्ह्यूमध्ये अडवायचीच गोष्ट आहे. एकदा घेऊन कायम ठेवायची एखादी बारकी रचना असेल तर ठीक, वाढू शकणारं काहीही तिथे नको.

स्वतःचा कॉन्टेक्स्ट बनवा

अॅलॉकसेटकॉन्टेक्स्टक्रिएटला तीन गोष्टी लागतात: पालक, नाव आणि माप.

पालक निवडताना विचारायचं, हे केव्हा मेलं पाहिजे? व्यवहार संपताच जायला हवं असेल तर टॉपट्रान्झॅक्शनकॉन्टेक्स्ट. एका क्वेरीपुरतं असेल तर एक्झिक्युटरच्या क्वेरी कॉन्टेक्स्टखाली. सेशनभर टिकणारा कॅशे असेल तर कॅशेमेमरीकॉन्टेक्स्ट. आपल्या उदाहरणात शेवटचा पर्याय बरोबर आहे. पालक मेला की मुलं आपोआप मरतात, त्यामुळे पालक नीट निवडला की सफाईचं अर्धं काम तिथेच संपतं.

नाव आवृत्ती ११ पासून कोडमध्येच लिहिलेली स्थिर स्ट्रिंग असावी लागतं. जीसीसीसारखे कंपायलर हे तपासतात आणि एसप्रिंटएफने बनवलेलं नाव दिलं तर कोड कंपाइलच होत नाही. हा बदल वेगासाठी झाला, नावाची नक्कल करण्याचा खर्च वाचतो. पण त्याने नावं शिस्तीची झाली हा मला त्याहून मोठा फायदा वाटतो. नावात एक्स्टेंशनचं नाव आधी येऊ द्या, मग काय साठवलंय ते. नुसतं ‘कॅशे’, ‘टेम्प’ किंवा ‘माय कॉन्टेक्स्ट’ असली नावं झाडात काहीही सांगत नाहीत. ‘डिस्काउंट: रूल कॅशे’ वाचलं की ज्याने आपला कोड कधी पाहिलेला नाही त्या डीबीएलाही कोणाकडे जायचं ते कळतं. नाव ठेवायचं ते त्याच्यासाठीच.

मापाकडे लोक दुर्लक्ष करतात. अॅलॉकसेट_डिफॉल्ट_साइझेस दिलं की पहिला ब्लॉक ८ केबीचा, अॅलॉकसेट_स्मॉल_साइझेस दिलं की १ केबीचा. प्रत्येक ग्राहकामागे एक कॉन्टेक्स्ट करणार असाल आणि ग्राहक दहा हजार असतील, तर पहिल्या पर्यायात सुमारे ८० एमबी नुसत्या रिकाम्या डब्यांत जातात, दुसऱ्यात सुमारे १०. लहान नोंदींना स्मॉलच द्या.

हॅश टेबल वापरत असाल तर एक सापळा आहे. हॅश_क्रिएटला हॅश_कॉन्टेक्स्ट हा झेंडा आणि आपला कॉन्टेक्स्ट दिला नाही, तर टेबल थेट टॉपमेमरीकॉन्टेक्स्टखाली जाऊन बसतं. आपण कॅशेचा कॉन्टेक्स्ट डिलीट करतो, टेबल मागे राहतं आणि त्यातले पॉइंटर मेलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतात. पालक द्या, आणि हॅश टेबलालाही नीट नाव द्या. झाडात ते नाव दिसतं.

नावासोबत ओळख

गावात पाटील शंभर असले की नुसतं पाटील म्हणून भागत नाही. ‘डिस्काउंट: रूल सेट’ या नावाचे हजार कॉन्टेक्स्ट असतील तर त्यांतला फुगलेला कोणत्या ग्राहकाचा, हे सांगायला आयडेंट आहे. मेमरीकॉन्टेक्स्टसेटआयडेंटिफायरने तो लावायचा. मूळ कोडमध्ये याची चांगली उदाहरणं आहेत: ‘इंडेक्स इन्फो’ या कॉन्टेक्स्टच्या आयडेंटमध्ये इंडेक्सचं नाव असतं, ‘कॅश्डप्लॅनसोर्स’च्या आयडेंटमध्ये क्वेरीचा मजकूर, पीएल/पीजीएसक्यूएलच्या कॉन्टेक्स्टमध्ये फंक्शनची सही.

इथे काळजीपूर्वक वाचा. हे फंक्शन स्ट्रिंगची नक्कल करत नाही, फक्त पॉइंटर ठेवतं. ती स्ट्रिंग मेसेजकॉन्टेक्स्टमध्ये असेल तर क्लायंटचा पुढचा मेसेज येताच ती गेली. त्यानंतर सगळं सुरळीत चालतं, कारण आयडेंट कोणी वाचतच नाही. तो वाचला जातो झाड छापताना, म्हणजे ऐन अडचणीच्या वेळी. नशीब बरं असेल तर कचरा छापला जातो, नसेल तर बॅकएंड कोसळतो. आणि पोस्टग्रेसमध्ये एक बॅकएंड असा कोसळला की पोस्टमास्टर (सर्व्हरची मुख्य प्रोसेस) बाकीच्या सगळ्या सेशनांनाही बाहेर काढून रिकव्हरी चालवतो. म्हणून मेमरीकॉन्टेक्स्टकॉपीअँडसेटआयडेंटिफायर हा मॅक्रो वापरा. तो स्ट्रिंगची नक्कल त्याच कॉन्टेक्स्टमध्ये करून मग पॉइंटर लावतो, दोघांचं आयुष्य जुळतं.

एक अपवाद आहेच. कॉन्टेक्स्ट डिलीट करताना आयडेंट आधी पुसला जातो, पण रिसेट करताना पुसला जात नाही. आयडेंट कॉन्टेक्स्टच्याच पोटात असेल आणि तुम्ही कॉन्टेक्स्ट रिसेट करून पुन्हा वापरणार असाल, तर रिसेटनंतर तो नव्याने लावा, नाहीतर स्ट्रिंग पालक कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा.

आयडेंटमध्ये काय लिहायचं? लॉगमध्ये तो १०० बाइटला कापला जातो, व्ह्यूमध्ये १०२४ ला. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘सोलापूर’ या चार अक्षरांचे २१ बाइट होतात. म्हणजे शंभर बाइटांत जेमतेम ३३ चिन्हं बसतात. कापताना अक्षर अर्धवट तुटणार नाही एवढी काळजी सर्व्हर घेतो, पण महत्त्वाचा भाग शेवटी असेल तर तो जाणारच. म्हणून आयडी किंवा ओआयडी (पोस्टग्रेसचा अंतर्गत क्रमांक) आधी, नाव मागून.

ग्राहकाचा फोन, आधार क्रमांक, ईमेल असलं काही आयडेंटमध्ये कधीही घालू नका. हा मजकूर लॉगमध्ये जातो, लॉग दुसऱ्या मशीनवर जातात, मदत मागताना लोक ते तसेच पाठवून देतात. अंतर्गत क्रमांकाने डीबगिंगचं काम पूर्ण होतं.

बांधताना चूक झाली तर

टेबलातून नियम वाचताना मध्येच एरर येऊ शकतो: लॉक मिळाला नाही, टाइमआउट झाला, डेटा बिघडलेला निघाला. पोस्टग्रेसमध्ये एरर म्हणजे लांब उडी, तुमच्या फंक्शनच्या खालच्या ओळी चालतच नाहीत. कॉन्टेक्स्ट सुरुवातीलाच कॅशेमेमरीकॉन्टेक्स्टखाली बनवला असेल तर अर्धवट बांधलेला सांगाडा सेशन संपेपर्यंत तसाच राहतो. एरर वारंवार येत असेल तर हे सांगाडे साठत जातात.

यावरची रीत मूळ कोडमध्ये प्लॅन कॅशेपासून पार्टिशन कॅशेपर्यंत वापरलेली आहे आणि मला ती अतिशय आवडते. कॉन्टेक्स्ट आधी चालू, अल्पायुषी कॉन्टेक्स्टखाली बनवायचा. एसपीआय वापरत असाल तर एसपीआय_कनेक्टच्या आधीच बनवा, म्हणजे एसपीआय_फिनिशमध्ये तो जाणार नाही. आयडेंट लावायचा, सगळे नियम त्यात भरायचे. सगळं यशस्वी झाल्यावर अगदी शेवटी मेमरीकॉन्टेक्स्टसेटपेरेंटने त्याला कॅशेच्या कॉन्टेक्स्टखाली हलवायचं. मध्ये एरर आला तर पालकाबरोबर तो आपोआप साफ होतो. हलवणं म्हणजे दोन-चार पॉइंटर बदलणं, डेटा हलत नाही.

जुनी नोंद काढणं हा याचाच दुसरा भाग. टेबल बदललं की कळावं म्हणून कॅशेरजिस्टररेलकॅशेकॉलबॅकने कॉलबॅक लावा. नुसत्या ओळी बदलल्या तर तो आपोआप येत नाही, त्यासाठी टेबलावरच्या ट्रिगरमधून कॅशेइनव्हॅलिडेटरेलकॅशेला हाक मारा. पण कॉलबॅकमध्येच कॉन्टेक्स्ट डिलीट करू नका, कारण तो कॉलबॅक कुठलंही टेबल उघडताना येऊ शकतो आणि त्याच क्षणी वरचं फंक्शन तीच नोंद वाचत असू शकतं. तिथे फक्त ‘शिळी’ अशी खूण करा. पुढच्या वेळी नोंद शोधताना खूण दिसली की मेमरीकॉन्टेक्स्टडिलीट. प्रत्येक तुकड्यावर पीफ्री (मेमरी मोकळी करायचं फंक्शन) करत बसायची गरज उरत नाही.

झाडाबाहेरची मेमरी

झाडाची बेरीज १५० एमबी आणि आरएसएसअॅनॉन ९०० एमबी, असंही होतं. मग मेमरी पीअॅलॉकमधून गेलेलीच नाही. जिट (क्वेरी चालवताना तिच्या भागांचं मशीन कोडमध्ये रूपांतर) चालू असेल तर ते काम करणाऱ्या एलएलव्हीएम या लायब्ररीची मेमरी झाडात दिसत नाही. आवृत्ती १२ पासून जिट मुळातच चालू असतं, त्यामुळे आधी त्या सेशनमध्ये ते बंद करून बघा. तुमचं एक्स्टेंशन सीच्या एखाद्या बाहेरच्या लायब्ररीला हाक मारत असेल तर तिने मॅलॉकने घेतलेलंही झाडाबाहेरच राहतं. अशा वस्तूचा मालक म्हणून एक छोटा कॉन्टेक्स्ट बनवा, त्याला लायब्ररीचं नाव द्या आणि मेमरीकॉन्टेक्स्टरजिस्टररिसेटकॉलबॅकने तिचं मोकळं करण्याचं फंक्शन त्याला बांधा. आकडा झाडात दिसणार नाही, पण अशा वस्तू किती जिवंत आहेत ते तरी मोजता येईल.

तुम्ही स्वतः एममॅपने मोठा तुकडा घेत असाल तर त्याला थेट कर्नलमध्ये नाव देता येतं. लिनक्स ५.१७ पासून पीआरसीटीएलला ही सोय आहे, कर्नल त्या पर्यायासह बांधलेला हवा. नाव मॅप्स आणि स्मॅप्स फाइलमध्ये त्या पट्ट्यासमोर दिसतं. ८० बाइटांची मर्यादा आहे आणि फक्त छापता येणारी आस्की चिन्हं चालतात, देवनागरी इथे बसत नाही.

शेअर्ड मेमरी

इथे काम थोडं आहे, कारण नाव दिल्याशिवाय शेमेमइनिटस्ट्रक्ट चालतच नाही, आणि १३ पासून पीजी_शेमेम_अॅलोकेशन्स या व्ह्यूमध्ये नाव आणि आकार दोन्ही दिसतात. पण इथे नाव हीच किल्ली असते. दोन एक्स्टेंशनांनी एकच नाव वापरलं आणि आकार वेगळे निघाले तर निदान एरर येतो. आकार जुळला तर दोघांना निमूटपणे एकच जागा मिळते आणि एक दुसऱ्याच्या डेटावर लिहितो. नावापुढे एक्स्टेंशनचं नाव लावायचं, आणि एकूण ४७ बाइटांच्या आत ठेवायचं.

चाचणीत पकडा

हे सगळं केलं तरी पुढच्या बदलात कोणीतरी पुन्हा टॉपमेमरीकॉन्टेक्स्टवर स्विच करू शकतो. म्हणून रिग्रेशन टेस्टमध्येच पहारा ठेवा. १३ पासून मेमरीकॉन्टेक्स्टमेमअॅलोकेटेड हे फंक्शन एखाद्या कॉन्टेक्स्टने, आणि हवं तर त्याच्या सगळ्या मुलाबाळांनी, किती मेमरी धरलीय ते सांगतं. टेस्टमध्ये आधी कॅशे गरम करायचा, मग एका लूपमध्ये नियमाचं टेबल बदलायचं आणि पुन्हा वाचायचं, असं हजारदा. आपल्या कॉन्टेक्स्टचा आकडा काही फेऱ्यांनंतर स्थिर व्हायला हवा आणि टॉपमेमरीकॉन्टेक्स्टचा आपल्यामुळे हलता कामा नये. दुसरी तपासणी व्ह्यूमधूनही होते, फक्त टेस्टमध्ये नेमका बाइटचा आकडा लिहून ठेवू नका, आवृत्तीनुसार तो बदलतो. वाढीची वरची मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली तर टेस्ट पाडा.

ही टेस्ट असर्ट चालू करून बांधलेल्या सर्व्हरवर चालवा. तिथे मोकळी केलेली मेमरी ७एफ या हेक्स मूल्याने भरली जाते, त्यामुळे मेलेल्या आयडेंटकडे बोट दाखवणारा पॉइंटर लपत नाही. टेस्टच्या शेवटी आपल्या नावाने सुरू होणाऱ्या ओळी व्ह्यूमधून आयडेंटसकट वाचा. आयडेंटच्या जागी तोच एक विचित्र बाइट ओळीने पुन्हा पुन्हा दिसला, तर वर सांगितलेली नक्कल कुठेतरी राहिली आहे.